पिच्चर आपला, पैसा कुणाचा?

(युवक शिबिरात केलेलं भाषण)



अध्यक्ष म्हणाले, तू कवी आहेस, दोन कविता म्हण आणि खाली बस. मी म्हटलं, आज कविता नाही, आज पैशावर बोलतो. आपल्यात पैशाचा विषय निघाला की निम्मे लाजतात आणि निम्मे भांडतात. अर्धा तास दोन्ही थांबवा.

मी गोदीतला कामगार. शिक्षण मॅट्रिक. फिल्म इन्स्टिट्यूटचं नुसतं नाव ऐकून आहे. पण बोटीतला माल उतरवताना एक गोष्ट रोज बघतो. माल कुणाचा ते कागद सांगतो. ज्याने खांद्यावर वाहिला त्याचं नाव त्या कागदावर नसतं. सिनेमाचा धंदा मला तसाच दिसतो. आमची झोपडपट्टी, आमची भाषा, आमची बाई, आमचं मढं, सगळं पडद्यावर येतं. कागदावर नाव दुसऱ्याचं.

म्हणून आपण ठरवलं, गटारात उतरणाऱ्या पोरांवर आपणच पिच्चर काढायचा. वस्तीतली दोन पोरं गेली, तेव्हा ठरवलं. हाताने मैला उपसायला माणूस लावायचा नाही, असा कायदा २०१३ साली झाला. गटारात मेलेल्याच्या घरी १० लाख द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितलं, आणि २०२३ साली तो आकडा ३० लाख केला. कायदा छापला गेला, आकडा वाढला, आणि माणसं अजून उतरतायत, अजून मरतायत. आपल्या पोरांच्या वेळी ठेकेदार काय म्हणाला ते तुम्हाला ठाऊक आहे. तो म्हणाला, ही माणसं आमची नव्हतीच.

खर्चाचा अंदाज काढला, ३ लाख. कॅमेऱ्याचं भाडं, आवाजाचं यंत्र, एडिटिंग, जाणं-येणं, आणि कामाला येणाऱ्या पोरांची बुडालेली रोजी. आणि लगेच एका पुढाऱ्याचा निरोप आला. त्याचं नाव घेत नाही, तुम्ही घेताय ते ऐकू येतंय. निरोप असा, की सगळे ३ लाख मी देतो. सुरुवातीला माझा फोटो टाका. आणि ठेकेदाराचा विषय तेवढा नको, त्याने वातावरण बिघडतं.

आपल्यातले काही म्हणतात, घेऊ की राव! पैसा सगळ्यांचा सारखाच असतो. ह्या एका वाक्यावर माझं आजचं बोलणं आहे.

पैसा सारखा नसतो. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'साठी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, हे सगळे कौतुकाने सांगतात. कौतुक मलाही आहे. पण ज्याच्याकडे पॉलिसी आहे तो ती गहाण टाकणार. ज्याच्याकडे गहाण टाकायला फक्त स्वतःचं अंग आहे, त्याने पिच्चर कसा काढायचा? ह्या प्रश्नाचं उत्तर जगात काही लोकांनी दिलंय. त्यातली तीन उत्तरं सांगतो, आणि चौथी एक फसगत.

पहिला माणूस ऑस्कर मिशो. अमेरिकेतला काळा माणूस, जन्म १८८४. बाप गुलामीत जन्मलेला. हा रेल्वेच्या पुलमन डब्यांत पोर्टर होता, म्हंजे बिऱ्हाडं उचलणारा, आपल्याच जातकुळीचा. मग साउथ डाकोटात त्याने जमीन कसली, पुस्तकं लिहिली आणि ती दारोदार फिरून विकली. त्याच्या 'द होमस्टेडर' कादंबरीवर पिच्चर काढायची तयारी एका कंपनीने दाखवली. ही कंपनीही काळ्या लोकांचीच होती. मिशो म्हणाला, दिग्दर्शन मी करणार. ते म्हणाले, नाही. मग ह्याने स्वतःची कंपनी काढली आणि तिचे शेअर आयोवातल्या सू सिटीच्या आसपासच्या शेतकऱ्यांना विकले. ज्यांच्या दारात पुस्तकं विकली होती, त्यांच्याच दारात. बहुतेक शेतकरी गोरे होते. १९१९ साली पिच्चर पडद्यावर आला. काळ्या माणसाने काढलेला पहिला पूर्ण लांबीचा पिच्चर तो हाच धरतात. आज त्याची प्रत मिळत नाही. पण १९२० सालचा त्याचा 'विदिन अवर गेट्स' शिल्लक आहे. गोऱ्यांचा जमाव काळ्या माणसांना झाडाला लटकवून मारत होता, ते त्यात दाखवलंय. हे दाखवायला मिशोला पैसे दिले असते, असा कोण स्टुडिओ होता?

मिशोकडून मी हे घेतो. पैसे मागायला गेला तेव्हा त्याने हात पसरले नाहीत. शेअरचा कागद दिला. देणारा भागीदार झाला आणि पिच्चर काय सांगणार हे मिशोने आपल्या हातात ठेवलं.

दुसरं उत्तर आपल्या शेजारचं, गुजरातचं. 'मंथन', १९७६. दिग्दर्शक श्याम बेनेगल, पटकथेत आपले विजय तेंडुलकर, पडद्यावर आपली स्मिता पाटील. दूधसंघाच्या वर्गीस कुरियन यांनी कल्पना काढली, की सभासद शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये द्यायचे. ५ लाख शेतकरी, १० लाख रुपये. पिच्चरच्या सुरुवातीला निर्माता म्हणून गुजरातच्या ५ लाख शेतकऱ्यांचं नाव येतं. पिच्चर लागला तेव्हा गावंच्या गावं ट्रकमधून थेटरात आली. आपला पिच्चर बघायला आली हो, आपला! त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२४ साली त्याची दुरुस्त केलेली प्रत फ्रान्समध्ये कान महोत्सवात दाखवली.

हे ऐकून टाळ्या वाजवायच्या आधी दोन गोष्टी बघा.

पहिली. २ रुपये गोळा झाले कारण दूध रोज गोळा होत होतं. गावोगाव दूधसोसायटी होती, वही होती, वहीत नाव होतं. माणसांची साखळी आधी होती, पिच्चर मागून आला. आपल्यातले काही जण म्हणतात, फोनवर एक पोस्ट टाकू, खाली कोड टाकू, लोक दहा-दहा रुपये स्कॅन करतील. करतील. पण कुणाला करतील? ज्याला ओळखतात त्याला. चाळीत तुम्ही कुणाच्या मयताला गेला नाहीत, रेशनच्या लायनीत कुणासाठी भांडला नाहीत, तर तुमच्या कोडला कोण विचारतो?

दुसरी. 'मंथन'मध्ये आपला माणूस आहे. भोला. नसीरुद्दीन शाहने केलाय. सोसायटीच्या निवडणुकीत सरपंच पडतो, कारण दलित एकत्र मत देतात. शेवटी शहरातून आलेला डॉक्टर निघून जातो आणि सोसायटी चालवायला भोला मागे उरतो. हे त्या पिच्चरचं मोठेपण आहे, ते मी मान्य करतो. पण कॅमेरा गावात येतो तो डॉक्टरबरोबर, रेल्वेतून उतरून. गोष्ट त्याच्या डोळ्यांनी दिसते. ५ लाख निर्मात्यांत भोलासारखे किती होते, आणि गोष्ट कुठून सुरू करायची हे त्यांना कुणी विचारलं का? २ रुपये देऊन नाव पडद्यावर येतं. तेवढ्याने तोंड उघडायचा हक्क मिळत नाही, तो वेगळा मागून घ्यावा लागतो.

तिसरं उत्तर केरळचं, आणि मला सगळ्यात जवळचं. दिग्दर्शक जॉन अब्राहम. हिंदी पिच्चरमधला नट तो वेगळा. ह्याने १९८४ साली मित्रांना घेऊन 'ओडेसा' नावाची मंडळी उभी केली. ओडेसा हे काळ्या समुद्रावरचं बंदर. आयझेनस्टाईनच्या १९२५ सालच्या 'बॅटलशिप पोटेमकिन'मध्ये जिन्यावरचा गोळीबार आहे, तो ह्याच गावातला. ही मंडळी गावोगाव फिरली. चादरीएवढा पडदा टांगायचा, चॅप्लिनचा 'द किड' वगैरे दाखवायचा, आणि लोकांपुढे झोळी फिरवायची. त्या पैशातून १९८६ साली 'अम्मा अरियान' झाला. नावाचा अर्थ, आईला कळावं म्हणून.

गोष्ट साधी आहे. दिल्लीला निघालेल्या एका तरुणाला वाटेत एका पोराचं प्रेत दिसतं. मेलेला तबला वाजवायचा, चळवळीत होता. त्याच्या आईला सांगायला हवं, म्हणून हा वायनाडहून कोचीला निघतो. वाटेत मेलेल्याचा एकेक मित्र बरोबर येतो, आणि शेवटी आईच्या दारात एकट्याच्या जागी अख्खा जथा उभा राहतो. बघा, पिच्चर जसा जमवला तशीच त्याची गोष्ट आहे. एकेक माणूस, एकेक गाव.

आणि कोची म्हंजे गोदी. तिथे मट्टांचेरीला 'चाप्पा' नावाची पद्धत होती. मुकादम पत्र्याचे बिल्ले गर्दीत फेकायचा. ज्याच्या हाती बिल्ला लागला त्याला त्या दिवशी काम. बिल्ल्यासाठी माणसं एकमेकांच्या अंगावर पडायची. त्याविरुद्ध गोदी कामगार उठले आणि १५ सप्टेंबर १९५३ला त्यांच्यावर गोळीबार झाला. मी गोदीतला आहे म्हणून सांगतो. वरून फेकलेला पैसा आणि वरून फेकलेला बिल्ला ह्यांत मला फरक दिसत नाही. दोन्हींसाठी आपण आपल्याच माणसाच्या छातीवर पाय देतो.

ओडेसावाल्यांनी पिच्चर धंद्यासाठी थेटरात लावला नाही. ज्यांचे पैसे होते त्यांच्याकडे तो परत नेऊन दाखवला. जॉन १९८७ साली गेला. पिच्चर राहिला.

आता फसगत. २००९ साली अमेरिकेत किकस्टार्टर नावाची सोय निघाली. ठरलेली रक्कम जमली तरच पैसे कापतात, नाही जमली तर कुणाचं काही जात नाही. हा नियम चांगला आहे, आपणही घेऊ. पण २०१३ साली काय झालं ऐका. 'व्हेरॉनिका मार्स' नावाची टीव्ही मालिका बंद पडलेली. तिचा पिच्चर काढायला ९१,५८५ चाहत्यांनी मिळून सुमारे ५७ लाख डॉलर दिले. आणि हक्क कुणाचे? वॉर्नर ब्रदर्सचे, जगातल्या बड्या स्टुडिओचे. चाहत्यांना टी-शर्ट मिळाले, पटकथेची प्रत मिळाली. नफ्यात वाटा नाही, मालकीत वाटा नाही. भांडवलदाराने जोखीम प्रेक्षकावर टाकली आणि प्रेक्षक खूश! म्हणून म्हणतो, छोट्या वर्गणीलाही भुलू नका. शंभर लोकांनी मिळून एकाच शेटचा खिसा भरला तर ते काही आपलं राज्य झालं नाही.

तर मग आपण काय करायचं? माझा ठराव मांडतो. पटला तर हात वर करा, नाही पटला तर इथेच फाडा.

एक. ३ लाख म्हंजे १०० रुपयांच्या ३,००० पावत्या. १० रुपये दिले तरी पावती. एका माणसाकडून ५०० च्या वर घ्यायचे नाहीत, मग तो कितीही आपला असो. ५०० देणारा रुसला तर समजूत काढता येते. ३ लाख देणारा रुसला तर पिच्चर बंद पडतो.

दोन. ठेकेदार, बिल्डर आणि कुठलाही पक्ष, ह्यांचा एक पैसा नको.

तीन. दर महिन्याला हिशेब वस्तीच्या भिंतीवर. मोठ्या अक्षरात, चहाच्या खर्चासकट. आपल्या चळवळीत माणसं गोळीने मेली तेव्हा ती उभी राहिली. वर्गणीच्या वहीवरून फुटली.

चार. सहा महिन्यांत निम्मी रक्कम जमली नाही तर पावती बघून पैसे परत.

पाच. ज्यांच्या घरातलं माणूस गटारात गेलं त्यांच्याकडून वर्गणी घ्यायची नाही. त्यांनी आधीच दिलंय. पिच्चर पुरा व्हायच्या आधी तो त्यांना दाखवायचा, आणि त्या बायांनी हे काढा म्हटलं तर ते काढायचं.

सहा. पहिला खेळ वस्तीत, रस्त्यावर, फुकट. ज्याने वर्गणी दिली नाही त्यालाही. महोत्सव, बक्षिसं मागून.

कुणी तरी म्हणेल, गरिबाकडून कशाला घेता? अरे, जयंतीला डीजेसाठी एका रात्रीत किती जमतात ते तुम्ही गोळा करता आणि तुम्हीच मला विचारता? गरिबाकडे मागायची लाज वाटते, कारण मागितल्यावर त्याला जाब द्यावा लागतो. पुढाऱ्याकडून घेतलं की जाब एकालाच द्यायचा, आणि तो एका फोनवर भागतो. तीन हजार माणसांना जाब देणं अवघड आहे. ते अवघड असणं हेच मला हवंय. पावती घेतलेली बाई नळावर अडवून विचारणार, काय रे, माझ्या पैशाचं काय केलंस? विचारू दे. आजवर तिला विचारायला कुणी काही ठेवलं होतं?

पुढाऱ्याला उत्तर उद्या सकाळपर्यंत द्यायचंय. मी म्हणतो, त्यालाही एक पावती फाडू. १०० रुपयांची, फोटो न घेता. घेतली तर घेतली.

पावतीपुस्तकं मागच्या टेबलावर आहेत. पन्नास पानांचं एक, अशी साठ. ज्याला पटलं त्याने एक उचला, आणि पहिली पावती स्वतःच्या नावाची फाडा.

जय भीम.