नांदी आणि नामावळी

नाटकाचा मुख्य प्रवेश सुरू होण्यापूर्वीं नांदी होते. तिच्यांत कथा नसते. परंतु प्रेक्षकाचें मन घरच्या विवंचनेंतून काढून रंगभूमीकडे लावण्याचें काम तीच करिते. दूरचित्रवाणीवरील मालिकांच्या आरंभींचीं शीर्षकदृश्यें हीही एक प्रकारची नांदीच होय. ज्या मालिकेंत नट बदलतात, लेखक बदलतात, कथेचा काळ आणि ग्रहही बदलतात, तिची ओळख टिकवून धरण्याचा भार या अर्ध्या मिनिटावर येऊन पडतो.

लंडन येथें बी. बी. सी. नें ता. २३ नोव्हेंबर १९६३ रोजीं ‘डॉक्टर हू’ ही कालप्रवासी नायकाची मालिका सुरू केली. तिच्या शीर्षकाची योजना बर्नार्ड लॉज यांनीं केली. तींत यान नाहीं, ग्रह नाहीं, ताराही नाहीं. कॅमेऱ्याचें तोंड त्याचेंच चित्र दाखविणाऱ्या पडद्याकडे वळविलें, म्हणजे चित्रांत चित्र आणि त्यांत पुन्हां चित्र अशी मालिका लागते. न्हाव्याच्या दुकानांतील समोरासमोरच्या आरशांत असाच अंतहीन बोगदा दिसतो. येथें मात्र प्रत्येक फेऱ्यांत प्रकाश किंचित् बदलतो आणि धुरासारखे लोट उसळूं लागतात. ही युक्ति नॉर्मन टेलर या तंत्रज्ञाच्या प्रयोगांतून हातीं आली होती. लॉज यांनीं तिला अर्थ दिला.

दृश्याइतकाच नादही अपूर्व होता. रॉन ग्रेनर यांनीं चाल कागदावर लिहून दिली. तिला ध्वनिरूप दिलें तें रेडिओफोनिक वर्कशॉपमधील डेलिया डर्बीशायर यांनीं. डिक मिल्स हे त्यांचे साहाय्यक होते. तारेचा एखादा झंकार किंवा विद्युत्-यंत्राचा सूर फितीवर घ्यावयाचा, फितीची गति कमीअधिक करून हवा तो स्वर साधावयाचा, मग लांबी मोजून फीत कापावयाची आणि तुकड्यास तुकडा जोडावयाचा, अशा रीतीनें एकेक स्वर हातानें घडला. तो ऐकून, हें आपणच लिहिलें काय, असें ग्रेनर यांनीं विचारल्याची आठवण प्रसिद्ध आहे. सहकर्ती म्हणून त्यांचें नांव असावें, अशी ग्रेनर यांची इच्छा होती. परंतु कार्यशाळेंतील सेवकांस वैयक्तिक श्रेय न देण्याचा संस्थेचा रिवाज आड आला. नामावळींत ग्रेनर यांच्याबरोबर केवळ कार्यशाळेचा उल्लेख राहिला.

पुढें नांदीचें रूप पालटत गेलें. १९६७ मध्यें त्या लोटांतून नायकाचा चेहरा उमटूं लागला. १९७३ मध्यें लॉज यांनींच अरुंद फटींतून फिल्मवर प्रकाश पाडण्याच्या पद्धतीनें रंगीत बोगदा निर्माण केला. १९८० मध्यें तारे आले, १९८७ मध्यें संगणकाचीं चित्रें आलीं. चाल मात्र, कितीही वेळां नव्यानें सजविली तरी, पहिल्या दोन स्वरांतच ओळखूं येई.

डेलिया डर्बीशायर २००१ सालीं निवर्तल्या. मालिकेच्या पडद्यावर त्या संगीताच्या कर्त्री म्हणून त्यांचें नांव प्रथम झळकलें तें २०१३ सालीं, सुवर्णमहोत्सवी भागांत. पन्नास वर्षें घरोघर ओळखीचा असलेला सूर आणि तो घडविणारीचें नांव यांची गांठ पडली ती अशी, तिच्या मागें बारा वर्षांनीं. यंत्रें जुनीं होतात आणि टाकून दिलीं जातात. हाताच्या कामाचें श्रेय मात्र वेळेवरच दिलें पाहिजे.