अनाकापावरील मुक्काम

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून सुमारें १२ मैलांवर अनाकापा हें तीन तुकड्यांचें चिंचोळें बेट आहे. चुमाश लोकांच्या भाषेंतील मृगजळ या अर्थाच्या शब्दावरून त्याचें नांव पडलें. आणि प्यावयाचें पाणी तेथें खरोखरच मिळत नाहीं. १९८० पासून हें बेट राष्ट्रीय उद्यानांत मोडतें. पूर्वेकडील तुकड्यावर राहुटी ठोकावयास येणारा प्रवासी बोटींतून उतरतो तो उभ्या कड्याखालीं. वर जावयास दीडशेंवर पायऱ्या! तंबू, शिधा आणि माणशीं रोजचें निदान चार लिटर पाणी, सारें आपल्याच पाठीवरून न्यावयाचें. वर सावलीस झाड नाहीं.

येथील दीपगृह १९३२ सालचें. तेथील लोकांसाठीं पावसाचें पाणी धरावें म्हणून सिमेंटचें विस्तीर्ण अंगण बांधण्यांत आलें. परंतु कुरव पक्ष्यांनीं तें विष्ठेनें भरून टाकलें, आणि पाणी जहाजानेंच आणावें लागलें. तें सांठविण्याच्या टाक्यांवरील इमारत मात्र हुबेहूब ख्रिस्ती प्रार्थनामंदिरासारखी आहे! वसंतांत हे कुरव पायवाटेच्या कडेलाच घरटीं करतात आणि जवळ येणाऱ्यावर झेंपावतात. त्यांच्या घरांत पाहुणा तो माणूसच. सायंकाळीं परतीची बोट निघून गेली कीं मुक्कामास राहिलेल्यानें उरलेलें पाणी मोजूनच चूल पेटवावी.