राक्षस, फासे आणि बारा मेखा

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी इंदूरला बहिणीकडे गेलो होतो. दुपारची जेवणे आटोपली, घरातली वडील माणसे जरा आडवी झाली. पुढच्या खोलीतल्या टेबलाभोवती मात्र माझा भाचा, भाची आणि त्यांचे तीन मित्र डोकी एकत्र करून बसले होते. मध्ये चौकटींचा कागद, पेन्सिली आणि पैलू पाडलेल्या खड्यांसारखे रंगीत फासे. मी कुतूहलाने जवळ जाऊन उभा राहिलो. भाचा आवाज खाली आणून सांगत होता, "बोळाच्या टोकाशी काहीतरी हलतंय. गाढवाएवढं जनावर आहे. पाठीवर कवच, तोंडापुढे पिसांसारख्या दोन लांब मिशा. ते हुंगतंय. पण तुमच्याकडे बघत नाही, तुमच्या तलवारींकडे बघतंय."

मुलांचे चेहरे उतरले. या प्राण्याच्या मिशीचा स्पर्श होताच लोखंडाचा गंज होतो आणि तो गंज हे जनावर खाऊन टाकते, हे त्यांना ठाऊक होते. योद्ध्याची भूमिका घेतलेल्या मुलाने आपली मंतरलेली तलवार तीन महिन्यांच्या रविवारांत कमावली होती. लढावे तर तलवार जाते, न लढावे तर वाट बंद. तेवढ्यात बारा वर्षांची माझी भाची म्हणाली, "दादा, माझ्या झोळीत बारा लोखंडी मेखा आहेत. ते लोखंडच खातं ना? मग त्याला आपण जेवू घालू. मघाशी डावीकडे एक रिकामी कोठडी लागली होती. तिथपर्यंत एकेक मेख टाकत जाते. ते आत शिरलं की दार लावून घेऊ."

भाचा म्हणाला, "दाराच्या बिजागऱ्या लोखंडाच्या आहेत."

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग मेखा संपल्यावर ते बिजागऱ्या खाईल. तेवढ्या वेळात आपण पुढे जाऊ."

भाच्याने विचार केला, एक फासा टाकला आणि हसून म्हणाला, "गेलं आत. कुडुमकुडुम आवाज येतोय."

श्रोतेहो, त्या टेबलावर त्या मुलीची शक्ती सर्वांत कमी होती. कोणत्याही राक्षसाच्या एका फटक्यात तिचे पात्र मेले असते. तरीही त्या दिवशी सर्वांना तिने वाचवले. हे कसे घडू शकले, याचा शोध घेण्यासाठी मी पुढे पुष्कळ वाचन केले. त्यातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

या खेळाचे नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. नावाचा अर्थ तळघरे आणि अग्नी ओकणारे सर्पदैत्य. प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो. कोणी योद्धा होतो, कोणी जादूगार, कोणी चोर. एक जण मात्र कोणाचीच बाजू घेत नाही. तो जगाचे वर्णन करतो, राक्षसांच्या वतीने बोलतो आणि न्यायनिवाडाही करतो. आपल्या रंगभूमीवरचा शब्द वापरून मी त्याला सूत्रधार म्हणेन. "मी असे करतो," असे खेळाडूने म्हणावे आणि त्याचा परिणाम सूत्रधाराने सांगावा. निकाल संशयास्पद असेल तेव्हा फासे टाकावेत. पटावरच्या इतर खेळांत सोंगटीची चाल ठरलेली असते. इथे चाल ठरलेली नाही, आणि सारे मर्म त्यातच आहे.

हे मर्म आले युद्धशाळेतून. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील राइस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावर खेळावयाच्या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यात दोन्ही पक्ष आपले हुकूम पंचाकडे देत आणि पंच निकाल सांगे. पुढे १८८० साली अमेरिकन लष्करातील चार्ल्स टॉटन याने 'स्ट्रॅटेगोस' हे पुस्तक लिहिले. खेळाडूला काहीही करून पाहण्याची मोकळीक असावी आणि ते कितपत साधले हे पंचाने ठरवावे, ही कल्पना त्यात होती. जवळजवळ नव्वद वर्षांनी ते पुस्तक मिनेसोटातील डेव्हिड वेस्ली या तरुणाच्या वाचनात आले. १९६९ साली त्याने 'ब्राउनश्टाइन' नावाचा खेळ मांडला आणि त्यात सैन्याच्या पलटणींबरोबर गावातल्या एकेका माणसाची भूमिकाही खेळाडूंना वाटून दिली. खेळ त्याच्या हाताबाहेर गेला. आपण फसलो असे त्याला वाटले. खेळाडू मात्र पुन्हा खेळू या म्हणून मागे लागले. त्यांतल्याच डेव्ह आर्नसनने ही रीत किल्ल्याखालच्या भुयारांत नेली. विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या गावच्या गॅरी गायगॅक्सबरोबर त्याने हा खेळ सिद्ध केला आणि १९७४ साली तीन पुस्तिकांची एक पेटी बाजारात आली. पहिली आवृत्ती अवघ्या एक हजार प्रतींची होती.

आता त्या पहिल्या नियमांतील काही तरतुदी पाहा. नवख्या जादूगाराचा प्राण सहा बाजूंच्या एका फाशावर पडेल तेवढा, आणि कोणत्याही शस्त्राचा घाव तसाच एका फाशाचा. म्हणजे एका घावात खेळ आटोपण्याचा संभव मोठा. दुसरीकडे, पात्राला बढती मिळायची ती अनुभवाच्या गुणांवर, आणि हे गुण राक्षस मारल्याने मिळत तसे खजिना सुखरूप बाहेर आणल्यानेही मिळत. १९७५ साली निघालेल्या 'ग्रेहॉक' या पुरवणीने तर मारण्याचे मोल फारच उतरवले. एक साधा ऑर्क मारला की दहा गुण, आणि सोन्याचे एक नाणे बाहेर आणले की एक गुण. दोनशे मोहरांची थैली गुपचूप उचलून आणणारा चोर आणि वीस ऑर्कांशी झुंजून रक्तबंबाळ झालेला योद्धा यांची योग्यता सारखीच ठरली! मग शहाणा माणूस काय करील? तो लढाई टाळील आणि आडवाट शोधील.

त्या आडवाटांसाठी लागणारे सामान बाजाराच्या यादीतच होते. दहा फुटांची काठी एका मोहरेला मिळे; ती पुढे टेकवत चालले की खड्डा आधी काठीला सापडे. पन्नास फूट दोर, लोखंडी मेखा, तेलाची कुपी, पोलादी आरसा, लसणाची कांडी असे सारे त्या यादीत होते. वाण्याच्या यादीसारखी दिसणारी ही यादी जाणत्याच्या दृष्टीने शस्त्रागार होती. दृष्टीने दगड करणाऱ्या मेड्युसेपुढे आरसा धरला की तिच्या प्रतिबिंबाने तीच शिळा होते. आपल्याकडे मोहिनीने भस्मासुराचा हात त्याच्याच मस्तकावर ठेवविला, त्याच जातीची ही युक्ती आहे. ट्रोल नावाच्या दैत्याच्या जखमा आपोआप भरून येतात. तलवारीने त्याचे तुकडे केले तरी तो पुन्हा उभा राहतो. पण आगीने झालेली जखम भरत नाही. तेथे शंभर घावांपेक्षा एक मशाल आणि तेलाची एक कुपी अधिक कामाची ठरते.

पाठलाग होत असेल तर काय करावे, याचाही हिशेब त्या नियमांत आहे. मागे अन्न टाकले तर निर्बुद्ध राक्षस शंभरात नव्वद वेळा थांबतो, अर्धवट बुद्धीचा पन्नास वेळा आणि बुद्धिमान केवळ दहा वेळा. धन टाकले तर नेमके उलटे. जितका शहाणा, तितका तो मोहरा वेचायला थांबण्याचा संभव अधिक! हा नियम करणाऱ्याने मनुष्यस्वभाव बरा ओळखला होता, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

त्याहूनही विलक्षण तरतूद बोलण्याची आहे. ज्या प्राण्याचे वर्तन आधी ठरलेले नाही, त्याच्यासाठी सूत्रधाराने दोन फासे टाकावेत. बेरीज दोन ते पाच आली तर वैर, सहा ते आठ आली तर संदेह, नऊ ते बारा आली तर सलोखा. हिशेब केला तर छत्तीस शक्यतांपैकी दहा वैराच्या निघतात आणि दहाच सलोख्याच्या; उरलेल्या सोळांत समोरचा अजून काही ठरवत नसतो. म्हणजे अंधारात भेटलेला राक्षस जितक्या वेळा वैरी निघेल, तितक्याच वेळा तो मित्रही निघू शकतो. ज्याने दिसताक्षणीच तलवार उपसली, त्याने त्या दहा शक्यता न पाहताच फेकून दिल्या.

आणि राक्षस तरी सगळे एका विचाराचे कोठे असतात? गायगॅक्सने १९७९-८० च्या सुमारास 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' ही साहसकथा प्रसिद्ध केली. तिच्यात एका दरीत अनेक टोळ्यांच्या गुहा आहेत आणि त्या टोळ्यांचे आपसांत हाडवैर आहे. एका गुहेतले गॉब्लिन संकटात सापडले की शेजारच्या आडदांड दैत्यापुढे अडीचशे मोहरांची थैली टाकतात आणि तो त्यांच्या बाजूने लढायला येतो. आता जे भाड्याने मिळते ते अधिक भाडे देणाऱ्यालाही मिळते, हे चतुर खेळाडूच्या ध्यानात यायला किती वेळ लागणार?

परंतु ही विद्या एकट्या खेळाडूंच्या मालकीची नाही. 'ड्रॅगन' मासिकाच्या १९८७ सालच्या नोव्हेंबर अंकात संपादक रॉजर मूर यांनी टकर नावाच्या सूत्रधाराच्या कोबोल्डांची हकिकत लिहिली. कोबोल्ड हा त्या जगातला अगदी क्षुद्र जीव. नवखा योद्धाही त्याला लोळवतो. पण टकरचे कोबोल्ड उघड्यावर लढतच नसत. ते बोळात आग लावीत, दारे बाहेरून बंद करीत, भिंतींतल्या झरोक्यांतून बाण सोडीत आणि पाठलाग झाला की अरुंद बिळांत नाहीसे होत. मुरलेले वीर त्यांच्यापुढे हवालदिल झाले. त्यापेक्षा खालच्या मजल्यावरचे महादैत्य परवडले असे त्यांना वाटू लागले. सिंहाला विहिरीत पाडणारा पंचतंत्रातला ससा आपण लहानपणापासून ओळखतो. टकरने तो ससा राक्षसांच्या पक्षात नेऊन बसवला.

येथे कोणी आक्षेप घेईल की, ही तर चलाखी झाली. सूत्रधाराच्या मनाला आले की युक्ती साधली, नाही आले की फसली. मग न्याय तो कोणता? हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच पुढच्या काळात नियमांची पुस्तके जाड होत गेली. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत बारीकसारीक कृतींचेही नियम बांधलेले आहेत. त्याची प्रतिक्रियाही उमटली. २००८ साली मॅट फिंच यांनी जुन्या पद्धतीची बाजू मांडणारी एक छोटी पुस्तिका लिहिली. पानोपानी नियम शोधण्यापेक्षा सूत्रधाराने प्रसंग पाहून निवाडा द्यावा, असे तिचे सांगणे आहे. २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीने मधला मार्ग काढला. परिस्थितीचा कुशलतेने लाभ घेणाऱ्याला सूत्रधाराने वीस बाजूंचे दोन फासे टाकू द्यावेत आणि त्यांतला मोठा आकडा धरावा, अशी सोय तिच्यात आहे.

मला स्वतःला वाटते की युक्ती आणि चलाखी यांतला भेद फारसा अवघड नाही. जी सूचना त्या जगात आधीपासून असलेल्या गोष्टींतून निघते, जी फसूही शकते आणि जिची काही किंमत मोजावी लागते, ती युक्ती. माझ्या भाचीची झोळी, कोठडी आणि त्या जनावराची भूक या तिन्ही गोष्टी आधीच सांगितलेल्या होत्या. बिजागऱ्यांची अडचण भाच्याने काढली ती तिला अडवण्यासाठी काढली नव्हती. दाराला बिजागऱ्या असतातच, म्हणून काढली. तिने तिचे उत्तर दिले, आणि मोठा भाऊ असूनही त्याने ते मानले. लढाईची सगळी तयारी त्याने केलेली होती. ती एका वाक्याने वाया गेली. त्याने ती जाऊ दिली, हे मला त्या दुपारी सर्वांत मोलाचे वाटले. दुबळ्याची बुद्धी चालायची असेल तर ती ऐकून घेणारा कोणीतरी समोर असावा लागतो.

आणि किंमत? तीही मोजावी लागली. तासाभराने ती मंडळी एका खोल कड्यापाशी आली. दोर होता, पण तो अडकवायला मेख उरली नव्हती. बारा मेखा जनावराच्या पोटात गेल्या होत्या. मागे परतावे तर त्या कोठडीचे दार एव्हाना निखळलेले असणार. थोडा वेळ कोणी बोलेना. मग योद्धा झालेला मुलगा म्हणाला, "माझी तलवार फटीत ठोकतो. तिला दोर बांधा." सगळे खाली उतरले आणि तलवार वरच राहिली. भाची हिरमुसून म्हणाली, "अरे, तुझी तलवार वाचावी म्हणून तर मी मेखा टाकल्या होत्या!" तो म्हणाला, "वाचली म्हणूनच आत्ता कामाला आली."

श्रोतेहो, आपल्यालाही कधी नातवंडांनी किंवा भाच्यांनी अशा खेळाला बसवले, तर संकोचू नका. फाशांचे गणित आपल्याला आले नाही तरी चालेल. राक्षस समोर आला की तलवारीला हात घालण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. याला काय हवे आहे? याला भीती कशाची आहे? आणि आपल्या झोळीत काय काय आहे? उत्तरे द्यायला सूत्रधार बसलेलाच आहे.