शेपटीचा ऊ

विल्नियस ही लिथुआनियाची राजधानी. तिच्या जुन्या भागात रस्त्यांच्या पाट्या वाचत निघालं की एक अक्षर पुन्हा पुन्हा समोर येतं. 'वोक्येच्यू गात्वे' म्हणजे जर्मनांचा रस्ता. 'तोतोर्यू गात्वे' तातारांचा, 'झीदू गात्वे' ज्यूंचा, 'स्तिक्ल्यू गात्वे' काचकारागिरांचा. गात्वे म्हणजे रस्ता. त्याआधीचा शब्द दर वेळी दीर्घ ऊनं संपतो, आणि लिहिताना त्या ऊच्या पायाशी उजवीकडे वळलेली एक बारीक शेपटी असते. रेडिओवर ती दाखवता येत नाही. ऐकू तर मुळीच येत नाही.

हा ऊ म्हणजे लिथुआनियन भाषेतली षष्ठी, अनेकवचनाची. ही भाषा शिकणारा एकवचनाच्या षष्ठीपाशी पहिल्यांदा हैराण होतो. नामास म्हणजे घर, घराचं म्हणायचं तर 'नामो'. क्नीगा म्हणजे पुस्तक, त्याचं 'क्नीगोस'. आकिस म्हणजे डोळा, त्याचं 'आकिएस'. सूनुस म्हणजे मुलगा, त्याचं 'सूनाउस'. आकमुओ म्हणजे दगड, त्याचं 'आकमेन्स'. प्रत्येक वर्गाचा वेगळा थाट. अनेकवचनात मात्र सगळे एका रांगेत येतात: नामू, क्नीगू, आक्यू, सूनू, आकमेनू. पुल्लिंग असो वा स्त्रीलिंग, शेवट ऊच. आपल्याकडे चा-ची-चे-च्या पुढच्या नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलत राहतात, तेही तिथं नाही. 'मुलींची पुस्तकं' म्हणा की 'मुलींचं घर', मुली आपल्या जागी 'मेर्गाइचू'च राहतात. मराठी शिकायला आलेल्या लिथुआनियन माणसाची मला खरंच दया येते.

मग अवघड काय? अवघड आहे तो ऊच्या अगोदरचा भाग. मुलगी म्हणजे 'मेर्गाइते'. तिचा त ऊच्या आधी मऊ होऊन च होतो, म्हणून मेर्गाइचू. झाड म्हणजे 'मेदिस'. त्याचा द बदलून ज होतो, 'मेजू'. काही नामं तर प्रथमेत आपला निम्मा देह लपवून ठेवतात. बहीण 'सेसुओ', पण बहिणींचं 'सेसेरू'. कुत्रा 'शुओ', पण कुत्र्यांचं 'शुनू'. शब्दकोशात नुसती प्रथमा पाहून तो र किंवा तो न कुठून आला हे कळायला मार्ग नाही. आणि मऊपणा कानानं नीट टिपला नाही तर अर्थच सरकतो: 'स्तिक्लू' म्हणजे काचांचं, 'स्तिक्ल्यू' म्हणजे काच बसवणाऱ्यांचं.

शाळेत संस्कृत घेतलेल्यांनी इथं जरा कान द्यावा. श्वन् म्हणजे कुत्रा, त्या शब्दाची षष्ठी, अनेकवचनी: शुनाम्. लिथुआनियन: शुनू. अश्मन् म्हणजे दगड, त्याची अश्मनाम्, तिकडे आकमेनू. डोळा आणि दात, आकिस आणि दांतिस, हे दोन्ही शब्द प्रथमेत अगदी सारखे दिसतात, पण डोळ्यांचं 'आक्यू' होतं आणि दातांचं 'दांचू' न होता नुसतं 'दांतू'. विद्यार्थी याला अपवाद म्हणून घोकतात. वास्तविक दात हा शब्द मुळात व्यंजनान्त होता, संस्कृतात दत् आणि षष्ठीत दताम् आहे तसाच. प्रथमेत त्यानं पुढं इकारान्तांचा वेश घेतला, पण अनेकवचनाच्या षष्ठीत जुनी जात उघडी पडली. व्याकरणातल्या अपवादांची अशी वंशावळ सापडली की ते पाठ करावे लागत नाहीत, असं माझं मत आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री ते कितपत उपयोगी पडेल, ते सोडा.

आता ती शेपटी. तिचं तिकडचं नाव 'नोसिने', म्हणजे नाकातली. हा ऊ पूर्वी अनुनासिक होता. संस्कृतातल्या आम् मधला म् आणि हे अनुनासिक एकाच मुळातले. प्रमाण भाषेतून नाकातला उच्चार गेला, स्वर लांबला, खूण लेखनात राहिली. आपल्याकडे संस्कृतातलं आनाम् प्राकृतात आणं झालं आणि मराठीत त्याचा नुसता 'आं' उरला. 'मुलाचा' आणि 'मुलांचा' यांतला फरक करणारा तो अनुस्वार हाच. मराठीचा इतिहास लिहिणाऱ्या ज्यूल ब्लॉक यांनी अनेकवचनी सामान्यरूपाची ही व्युत्पत्ती मांडली आहे. तशी पाहिली तर 'मुलांचा' या शब्दात षष्ठी दोनदा आहे: एकदा जुनी, तिचा अर्थ विसरल्यावर चा लावून पुन्हा एकदा. १९६२च्या लेखननियमांनी मराठीतले कितीतरी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, पण अनेकवचनी सामान्यरूपावरचा हा अनुस्वार ठेवला.

लिथुआनियात लेखनाचा प्रश्न शुद्धलेखनापुरता कधीच नव्हता. १८६३च्या रशियाविरोधी उठावानंतर रशियन साम्राज्यानं लॅटिन लिपीतल्या लिथुआनियन छपाईवर बंदी घातली. १८६४ पासून १९०४ पर्यंत ती टिकली. पुस्तकं शेजारच्या पूर्व प्रशियात छापली जात आणि माणसं ती चोरून सीमेपार आणत. योनास याब्लोन्स्किस यांचं १९०१चं व्याकरणसुद्धा असंच टोपणनावानं तिल्झे या गावी छापलेलं आहे. विभक्तींचे तक्ते लपवून न्यायचे आणि पकडलं गेलं तर शिक्षा, अशी ती परिस्थिती होती. पुस्तक वाहून आणणाऱ्याला 'क्नीगनेशीस' म्हणत. १६ मार्च हा आजही 'क्नीगनेश्यो दिएना', म्हणजे पुस्तकवाहकाचा दिवस, म्हणून पाळतात. नाव अर्थातच षष्ठीत, फक्त एकवचनी.

पुन्हा त्या ऊकडे वळू. त्यात एक खाचखळगा कानाचा आहे. 'सूनू' हे रूप 'मुलांचं' असंही असतं आणि द्वितीयेचं 'मुलाला' असंही, लिहायला अक्षर न् अक्षर सारखं. बोलताना 'मुलाला' म्हणायचं तर आघात पहिल्या स्वरावर पडतो, 'मुलांचं' म्हणायचं तर शेवटच्या. या फिरत्या आघातानं भल्याभल्यांना ओढून घेतलं. भाषाशास्त्रज्ञ फर्दिनांद द सोस्यूर १८८० साली लिथुआनियात गेले होते आणि पुढं १८९४ व १८९६ मध्ये त्यांनी या आघातावरच लेख लिहिले.

मालकी दाखवणं हे या षष्ठीचं एक काम झालं. बाजारात ती जास्त भेटते ती मोजताना. एक युरो 'एउरास'. दोनापासून नवापर्यंत 'एउराइ', साधं अनेकवचन. दहा आले की मात्र 'देशिम्त एउरू', शब्दशः दहा युरोंचे. कारण दहा हा शब्द तिथं समूहवाचक नामासारखा वागतो, आपण मुलांचा घोळका म्हणतो तसा. विसापर्यंत हीच षष्ठी. एकवीसला गाडी पुन्हा एकवचनावर, बाविसाला अनेकवचनावर, तिसाला परत षष्ठीवर. नकारातही तीच: माझ्याकडे पुस्तकं आहेत, 'तुरियू क्नीगास', नाहीत, 'नेतुरियू क्नीगू'. जे नाही तेही षष्ठीत. शिकणाऱ्यानं मालकीपासून सुरुवात करण्यापेक्षा दुकानातल्या किमती आणि घड्याळ यांपासून करावी, रूपं आपोआप जिभेवर बसतात. नऊ मिनिटं, 'देवीन्योस मिनुतेस'. दहा मिनिटं, 'देशिम्त मिनुचू'. त बदलून च झाला, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.