सिरॅमिकचा खुबा : काय टिकतं, काय सांभाळायचं
(रौप्यमहोत्सवानिमित्त सभासदांसमोर केलेलं भाषण)



खुबा बदलायचं ठरलं की पेशंट हमखास विचारतात, "डॉक्टर, सिरॅमिकचा बसवला की जन्माची काळजी मिटली ना?" माझं उत्तर असतं, झीज बरीचशी मिटते, काळजी मिटत नाही.

खुबा म्हणजे शाळेत शिकलेला उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६०च्या दशकात धातूचा गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी बसवायची पद्धत रूढ केली. पण प्लॅस्टिक झिजतं, त्याच्या कणांमुळे भोवतालचं हाड विरघळतं आणि सांधा सैल होतो. म्हणून फ्रान्समध्ये पिएर बुतँ यांनी १९७०मध्ये सिरॅमिक वापरलं. हे काही कपबशीतलं सिरॅमिक नव्हे बरं का! हे ॲल्युमिना; अतिशय कठीण, गुळगुळीत, झीज नगण्य. तरुण पेशंटला त्याचा फायदा जास्त.

आपल्या सोसायटीला २५ वर्षं झाली. खुब्याला होतात का? २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, सगळ्या प्रकारचे मिळून शंभरातले सुमारे ५८ खुबे २५ वर्षं टिकतात. आजचं साहित्य त्याहून सुधारलेलं आहे.

आता तक्रारींकडे वळू. सिरॅमिकच्या गोळ्याला वाटीही सिरॅमिकचीच असेल, तर काहींचा सांधा बिजागरीसारखा करकरतो. बहुधा धोका नसतो, पण डॉक्टरांना दाखवा. क्वचित सिरॅमिक फुटतं. झिर्कोनिया मिसळलेल्या नव्या ॲल्युमिनात हे फारच कमी झालंय. पण फुटलंच, तर बारीक कण आत राहतात. त्यावर धातूचा गोळा बसवला, तर ते कण त्याला सँडपेपरसारखे घासतात. म्हणून पुन्हा सिरॅमिकचाच गोळा लागतो.

मात्र जास्त भीती नेहमीच्याच गोष्टींची. जखमेतून पाणी आलं, तर केमिस्टकडून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नका. जंतू कोणता ते तपासणीत सापडत नाही. पोटरी सुजली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. दम लागला, तर थेट हॉस्पिटल. रक्ताची गुठळी असू शकते. सुरुवातीचे महिने पाटावर बसणं, उकिडवं बसणं टाळा, सांधा निखळतो.

आणि शेवटचं. ऑपरेशनच्या वेळी बसवलेल्या भागांचे स्टिकर केसपेपरवर चिकटवतात. त्यावर कंपनी, माप, क्रमांक असतो. पंधरा वर्षांनी दुसऱ्या सर्जनला आत काय बसवलंय, हे त्यावरूनच नेमकं कळणार. डिस्चार्जच्या वेळी त्याची प्रत मागून घ्या. फ्लॅटचं शेअर सर्टिफिकेट ज्या फाइलमध्ये ठेवता ना, त्याच फाइलमध्ये ती ठेवा. आणि फाइल कुठे आहे, ते घरात सांगून ठेवा.