पिशवीला लागणारे हात



वृद्धाश्रमांतल्या परिचारिकांच्या या परिषदेत अध्यक्षाने क्षेत्राचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. २०११च्या जनगणनेत देशात साठीपुढचे लोक दहा कोटींवर होते. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७च्या कायद्याने दर जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल, असा एक तरी वृद्धाश्रम अपेक्षिला आहे. खाटा वाढायलाच हव्यात. पण मला बोलायचं आहे ते त्या खाटेला लटकणाऱ्या लघवीच्या पिशवीबद्दल. त्यासाठी मी बरीच वर्षं थांबले आहे, तेव्हा आढावा इथेच पुरे.

ती पिशवी रिकामी कोण करतं? मावशी करतात, मामा करतात. पुस्तकं आपण परिचारिकांनी वाचली, प्रमाणपत्रं आपल्याला मिळाली, ही परिषदही आपलीच. मावशी आत्ता ड्यूटीवर आहेत. त्यांना निमंत्रणच गेलेलं नाही.

त्या हातांवर किती अवलंबून आहे, ते पाहा. पूर्वी कॅथेटरचं, म्हणजे लघवीच्या नळीचं, टोक उघड्या बाटलीत सोडत आणि चार दिवसांत बहुतेकांच्या लघवीत जंतू सापडत. १९६६ साली क्युनिन आणि मॅककॉर्मॅक या संशोधकांनी बंद निचऱ्याने संसर्ग किती लांबवता येतो, ते दाखवलं. तरीही बंद पद्धतीत दर दिवसाला शंभरातल्या तीन ते सात जणांच्या लघवीत नव्याने जंतू येतात आणि महिनाभरात जवळजवळ सगळ्यांच्या. म्हणून नळी राहील तो प्रत्येक दिवस जोखमीचा, आणि निचरा बंद राहतो तो पिशवीला हात लावणाऱ्याच्या भरवशावर.

एका संस्थेत मी पाहिलं. एकच प्लॅस्टिकची बादली, ओळीने सगळ्या खाटा, हातमोजे तेच, आणि पिशवीची तोटी दर वेळी बादलीच्या काठाला टेकलेली. त्या मावशी कामचुकार नव्हत्या. त्यांची फरशी लखलखत होती. प्रत्येकाचं भांडं वेगळं, दोन खाटांच्या मध्ये हातमोजे बदलून हात धुवायचे, तोटी कशालाही टेकवायची नाही, पिशवी मूत्राशयाच्या खाली पण जमिनीला न लागता ठेवायची, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितल्यावर लगेच सुरू झालं.

सकाळी परिषदेत नळी सिलिकॉनची की लॅटेक्सची यावर मोठा वाद झाला. रोज मूत्राशय धुवावं का, यावर त्याहून मोठा. माझा अनुभव सांगते. रोज धुतलेल्या नळ्याही तुंबताना मी पाहिल्या आहेत, आणि धुण्यासाठी जोड उघडला की बंद पद्धत तिथेच संपते. साबण-पाण्याने रोजची स्वच्छता, मांडीला नीट चिकटवलेली नळी, पोट साफ, पुरेसं पाणी, एवढ्यावर माझे रुग्ण बरे राहिले.

तिसरा मुद्दा निघाला की, कमी शिकलेल्या बायकांना हे समजणार नाही. एके रात्री एक निवृत्त मास्तर बरळू लागले, चादर ओढू लागले. फोनवरून शांत करायचं इंजेक्शन सुचवलं गेलं. तेव्हा चौथी शिकलेल्या मावशी म्हणाल्या, “सिस्टर, चहापासनं पिशवी भरलीच नाही बघा.” त्यांनी चादर सारली. नळी मांडीखाली दुमडली होती. ती सरळ केल्याबरोबर पिशवी भरू लागली आणि आजोबा शांत झोपले. इंजेक्शन लागलंच नाही. कुणाला काय समजतं, याचा निकाल माझ्यापुरता त्या रात्री लागला.

आणखी एक सांगते, कुणाला बोचलं तरी चालेल. आपल्या वृद्धाश्रमांतल्या कित्येक नळ्या रुग्णासाठी नाहीतच. हॉस्पिटलातून आली तशी राहिली, किंवा रात्री कमोडवर न्यायला माणूस नाही म्हणून घातली. कॅथेटर ही मनुष्यबळाची भरपाई नव्हे. “ही नळी अजून कशासाठी?” असा प्रश्न रोज विचारला पाहिजे, आणि तो विचारण्याचा हक्क मावशींनाही हवा.

कामं काय करायची? मराठीत चित्रांची एक पुस्तिका हवी. ड्यूटीच्या वेळातच, पगार न कापता प्रशिक्षण हवं. नर्सिंग ब्युरोतून येणाऱ्यांनाही त्यात घ्यावं. खर्च आणि तपशील कार्यकारिणीने बसून ठरवावेत. पुढच्या परिषदेच्या निमंत्रणांत मावशी आणि मामांची नावं मात्र असलीच पाहिजेत. रात्री तीन वाजता म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी तेच असतात. त्यांना शिकवल्याशिवाय आपल्या शिक्षणाचा त्या माणसाला काही उपयोग नाही, हे मी या व्यासपीठावरून स्पष्टपणे सांगते.