अंगण आपलं, मग माईक कुणाचा?

(दिघी परिसरातल्या बचतगटांच्या व महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला बोलायचं आहे ते आपल्या सांस्कृतिक कार्यक्रमांविषयी. तुमच्यापैकी काहीजणी म्हणतील, पाणी, रेशन, दारू, मारहाण एवढे प्रश्न समोर असताना गाणी आणि खेळ कशाला? मी या वस्त्यांमध्ये समाजकार्यकर्ती म्हणून काम करते. माझा अनुभव असा की बैठकीला बोलावलं तर दहाजणी येतात आणि भोंडल्याला बोलावलं तर साठ. जिथे बाया आपल्या पायांनी येतात, ती जागा चळवळीने सोडून कशी चालेल?

दिघी 1997 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. त्याआधी ते गाव होतं. आज भोसरी-चाकणच्या कारखान्यांमुळे आपल्या एका गल्लीत मराठवाडा, विदर्भ, खानदेश एकत्र नांदतात. इथली मूळची बाई नवरात्रात पाटावर हत्ती काढून भोंडल्याचा फेर धरते. विदर्भ-खानदेशातली मैत्रीण भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई मांडते. दोघींच्या गाण्यांत सासर-माहेर तेच, आणि शेवटी खिरापत ओळखायची गंमतही तीच. पण दोघी एकमेकींच्या अंगणात जात नाहीत. हे अंतर कमी करायचं काम भाषणांपेक्षा एक खिरापत लवकर करते, हे मी पाहिलं आहे.

आपली आळंदीची पालखी दिघीवरूनच पुण्याला जाते. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या वारकरी बाया आपण दरवर्षी पाहतो. संत जनाबाई दासी होत्या, त्यांचे अभंग दळणकांडणातून आले. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून घेतली म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर 1952 साली पुस्तक निघू शकलं. ज्यांची गाणी कुणी उतरवलीच नाहीत, अशा बाया किती असतील?

हा प्रश्न हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांना पडला. पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी भागातल्या बायांबरोबर काम करताना त्यांनी जात्यावरच्या ओव्या जमवायला सुरुवात केली. पुढे हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ 2017 पासून त्या लोकांपुढे आणत आहे. पहाटेच्या अंधारात, ऐकायला कुणी नसताना, बाईने जे जात्याला सांगितलं ते आज जगाला ऐकता येतं. त्यात देव आहे, भाऊ आहे, लेक आहे. नवऱ्याचा जाच आहे आणि बाबासाहेबही आहेत. घरोघरी गिरणीचं पीठ आल्यावर जातं थांबलं. बायांचे हात सुटले हे चांगलंच झालं, पण ते बोलणं कुठे गेलं?

चळवळीनेही कलेचा आधार घेतलेला आहे. 1982 साली मंजुश्री सारडाच्या मृत्यूनंतर नारी समता मंचाने पुण्यात ‘मी एक मंजुश्री’ हे पोस्टर प्रदर्शन उभं केलं. घरात घडणारी हिंसा त्याने चव्हाट्यावर आणली. 1983 साली स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ रंगमंचावर आणलं. त्याचे प्रयोग गावोगावी झाले. त्यासाठी मोठं नाट्यगृह लागलं नाही. ओळखीच्या चाली होत्या, आणि बायांना आपलं दुःख दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायला मिळालं.

आता आजचं चित्र बघा. निवडणूक जवळ आली की हळदीकुंकवाचे मांडव पडतात. पैठणीचा खेळ होतो. निवेदक पुरुष, बक्षीस देणारा पुरुष, फ्लेक्सवर फोटो त्याचा. आपण उखाणा घ्यायचा, संगीत खुर्ची खेळायची आणि टाळ्या वाजवायच्या. पैठणी मिळाली तर आनंदच आहे, मी कुणाला नावं ठेवत नाही. पण दोन तास माईकसमोर उभं राहून नवऱ्याच्या नावाशिवाय दुसरं काही बोलायची संधी मिळाली का, हे स्वतःला विचारा.

आणि त्या मांडवात कोण नसतं? आपल्या एका गटात पन्नाशीच्या एक ताई आहेत. सगळ्या आळीला त्यांच्या ओव्या हव्या असतात. संक्रांतीला मात्र त्या दाराबाहेर उभ्या राहून सतरंज्या मोजून देतात, आत येत नाहीत. नवरा गेला हा त्यांचा गुन्हा! टाकलेल्या बाईचंही असंच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. एक गाव करू शकतं, तर एक गल्ली का नाही? गल्लीला ठरावसुद्धा लागत नाही. पहिलं वाण त्या ताईंच्या हातात द्यायचं, एवढंच.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, येत्या संक्रांतीला कुंकवाची अट काढून सगळ्याजणींचा तिळगूळ करू. दुसरी, म्हाताऱ्या बायांच्या ओव्या, भुलाबाईची गाणी आपल्या मुलींनी मोबाईलवर उतरवून घ्यावीत. गाणाऱ्या बाईला आधी विचारून, तिचं नाव आणि गाव सांगून. तिसरी, समाजमंदिरात आठवड्यातून एक संध्याकाळ बायांसाठी राखून मिळावी म्हणून सह्यांचा अर्ज करू. कंपनीत पाळीवर जाणाऱ्या मैत्रिणींना विचारूनच वार ठरवू, नाहीतर त्या पुन्हा बाहेरच राहतील.

जुनी सगळी गाणी आपल्या बाजूची आहेत असं मी म्हणणार नाही. सासू-नणंदेला दोष देणारी पुष्कळ आहेत आणि त्यांना तसं वागायला लावणाऱ्या घराच्या रीतीबद्दल त्यात फारसं काही नाही. पण फेर आपला आहे, चालही आपल्याला पाठ आहे. त्यात नवी कडवी घालायला कुणाची परवानगी लागत नाही. पहिलं कडवं कोण रचतंय, ते आज इथून उठायच्या आधी ठरवू या.